युझर-लोकलमध्ये कोण शिरलं

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, फोन उचलल्यावर हॅलो म्हणत नाहीत. "कोण बोलतंय ते आधी सांगा," म्हणतात. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, स्क्रीनवर माझं नाव दिसतंय ना?" तर म्हणाले, "नाव दिसतंय. तू आहेस हे कुठं दिसतंय?" आता यावर काय बोलणार? त्यांच्याशी भांडताना माणूस हरत नाही, दमतो. ताई तर लग्नानंतर वर्षभरातच दमली आणि तेव्हापासून सुखी आहे.

घराला कुलूप लावलं की ते ओढून बघतात. अर्धा जिना उतरून परत वर जातात, पुन्हा ओढतात. मग ताईला ओढायला सांगतात. ताईनं ओढून झालं की, "तू नीट ओढलंस का?" असं विचारून तिसऱ्यांदा स्वतः ओढतात. दुकानातून आणलेली प्रत्येक वस्तू दुसऱ्या डब्यात ओतून त्यावर आपल्या अक्षरात चिठ्ठी चिकटवतात. कपडे धुण्याचं मशीन आणलं तेव्हा त्यावर 'नॉर्मल' असं एक बटण होतं. साधी माणसं ते दाबतात आणि आपल्या कामाला लागतात. भावोजी मशीनपुढं स्टूल टाकून बसले. "नॉर्मल म्हणजे कुणाचं नॉर्मल?" हा त्यांचा प्रश्न. सबंध पुस्तिका वाचून त्यांनी पाणी किती, वेळ किती, फिरणं किती, सगळं स्वतः ठरवलं. ताई अजूनही ते बाहेर गेले की गुपचूप नॉर्मलवर धुते.

पण एक सांगते, नाहीतर माझ्यावर एकांगी असल्याचा आरोप यायचा. आमचे बाबा दवाखान्यात होते तेव्हा आम्ही दोघी बहिणी नुसत्या रडत होतो आणि भावोजी खाटेशेजारी बसून नर्सनं आणलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांच्या कागदाशी ताडून बघत होते. नर्स वैतागली, वॉर्डबॉय वैतागला, बाबासुद्धा वैतागले. एका संध्याकाळी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची गोळी बाबांच्या वाटीत आली, ती त्यांनीच पकडली. तेव्हापासून बाबांना जावयाविरुद्ध एक शब्द खपत नाही.

भावोजी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहेत. तोंडावर सगळे त्यांना 'सर' म्हणतात, पाठीमागं 'शंकासुर'. खालच्या मजल्यावर पाण्याच्या बाटल्या येतात, वर काचेच्या पार्टिशनमागं त्यांची खोली आहे. पाण्याशी त्यांचा तसा संबंध नाही. प्रयोगशाळेची सगळी कॉम्प्युटर मंडळी युनिक्स नावाच्या सिस्टिमवर चालतात आणि त्यांच्यावर कुठलं सॉफ्टवेअर कुठं बसवायचं, हे भावोजी ठरवतात.

हे काम काय असतं ते त्यांनी मला एकदा जेवणाच्या टेबलावर डबे मांडून समजावलं होतं. आमच्याकडे लागणारे प्रोग्रॅम दुकानातल्या वस्तूसारखे तयार येत नाहीत. त्यांचा कच्चा माल येतो, सोर्स. तो इथं आणून इथल्या मशीनवर बांधावा लागतो. बांधून झालं की शेवटी 'मेक इन्स्टॉल' अशी आज्ञा द्यायची, की प्रोग्रॅम आपल्या जागेवर जाऊन बसतो. कुठली जागा, हे तुम्ही आधी सांगायचं असतं. त्याला प्रीफिक्स म्हणतात. तुम्ही नाही सांगितलंत तर तो आपला आपण 'युझर-लोकल' नावाच्या फोल्डरमध्ये जातो. ही झाली डीफॉल्ट जागा.

"मग जाऊ दे की तिथं," मी म्हटलं होतं.

भावोजींनी हातातला डबा खाली ठेवला. "तुझ्या घरात कुणी पाहुणा आला, त्याला तू खोली दाखवली नाहीस, आणि तो आपणहून एका खोलीत जाऊन झोपला. चालेल तुला?"

"खोली रिकामी असेल तर चालेल."

"आणि त्या खोलीत आधीच दुसरा कुणी झोपला असेल तर?"

ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तर दोघांना उठवून जेवायला वाढीन. डबे उचला आता टेबलावरून."

त्यांची पद्धत वेगळी होती. प्रत्येक प्रोग्रॅमला ते 'ऑप्ट' नावाच्या फोल्डरमध्ये स्वतंत्र खोली देत आणि खोलीच्या दारावर त्याच्या व्हर्जनचा आकडा लिहीत. लोकांना एवढा लांबलचक पत्ता टाइप करायला लागू नये म्हणून 'युझर-बिन'मध्ये, म्हणजे जिथं मशीन नेहमी शोधतं तिथं, एक लिंक ठेवत. लिंक म्हणजे नुसती बाणाची पाटी: अमुक प्रोग्रॅम हवाय ना, त्या खोलीत जा. नवं व्हर्जन आलं की नवी खोली बांधायची आणि पाटी तिकडं वळवायची. युझर-लोकल मात्र कायम झाडूनपुसून रिकामं. रोज ऑफिसात आल्यावर, डबा ठेवायच्याही आधी, ते तिथं डोकावून बघत.

याला कारण होतं. मी त्या प्रयोगशाळेत नोकरीला लागण्यापूर्वी पाणी तपासायच्या यंत्राच्या कंपनीचा एक इंजिनिअर आला होता. त्यानं घाईत काहीतरी बांधलं आणि जागा न सांगता बसवून निघून गेला. ते बसलं युझर-लोकलमध्ये. मशीनला शोधताना ते आधी सापडायला लागलं आणि निम्मे प्रोग्रॅम खऱ्याच्या ऐवजी त्याला धरून चालायला लागले. रिपोर्ट चुकले. इंजिनिअरनं हात झटकले. किल्ल्या, म्हणजे मुख्य पासवर्ड, भावोजींकडे, म्हणून बोलणी भावोजींनी खाल्ली. माझं मत असं की त्याआधी ते नुसते चिकित्सक होते. शंकासुर झाले ते त्यानंतर.

मला तिथं नोकरी लागली तेव्हा लोकांना वाटलं, वशिला लागला. वशिला कसला आलाय? मी रुजू व्हायच्या दिवशी भावोजी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमकडे गेले आणि म्हणाले, "ती माझी मेव्हणी आहे. तेव्हा तिच्यावर जरा जास्त लक्ष ठेवा." मॅडमनी हे मला हसत हसत सांगितलं. मी काही हसले नाही. घरी ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, यांच्या भाषेत ही शिफारस आहे."

ऑफिसात त्यांना 'सर' म्हणायचं हेही त्यांनीच ठरवलं. भावोजी म्हटलं की ऐकूच येत नसे त्यांना.

माझं काम सरळ. नळांवरून, टाक्यांवरून, फिल्टर प्लांटवरून बाटल्या येतात. प्रत्येक बाटलीतलं थोडं पाणी एका यंत्रात ठेवायचं. यंत्र त्यातून उजेड सोडतं आणि गाळानं किती उजेड विखुरला ते टिपून ठेवतं. मग मी माझ्या कॉम्प्युटरवर 'नितळ' असं टाइप करून एंटर दाबायचं. नितळ हा आमचा प्रोग्रॅम. तो त्या रीडिंगवरून पाण्याचा गढूळपणा काढून आकडा देतो. तो आकडा रिपोर्टवर चढवून खाली माझी सही. शिवाय पहाटे मशीन त्याच रीडिंगवर आपणहून नितळ चालवतं आणि महिन्याच्या तक्त्यासाठी आकडे साठवतं. तेव्हा तिथं कुणी नसतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. फिल्टर प्लांटवरचे सुपरवायझर आमचे मावसभाऊ. सख्खे.

नितळचं चौथं व्हर्जन आलं त्याचं कारण यंत्रातला दिवा. दिवा जुना होत जातो, मंद होतो, आणि मंद दिव्यात गढूळ पाणीही स्वच्छ दिसतं. तिसऱ्या व्हर्जनला हे कळत नव्हतं, चौथ्याला कळत होतं. भावोजींनी ते बांधलं, तपासलं, 'नितळ-चार' अशी खोली करून त्यात बसवलं, पाटी वळवली आणि आम्हाला सगळ्यांना सांगितलं, "आजपासून चार." जुनं तीन त्यांनी त्याच्या खोलीत तसंच राहू दिलं. नवीन माणसावर भरवसा बसेपर्यंत जुन्याला घालवायचं नाही, हा त्यांचा नियम.

मग कधीतरी मॅडमनी महिन्याचा तक्ता आणि माझे रोजचे रिपोर्ट शेजारी ठेवले.

त्यांनी मला बोलावलं तेव्हा भावोजी आधीच तिथं बसलेले होते. मॅडम मोठ्या आवाजात कधी बोलत नाहीत, त्यामुळं समोरच्याला जास्तच धडकी भरते.

"तुमच्या आकड्यांवरून प्लांटचं पाणी स्वच्छ आहे," मॅडम म्हणाल्या. "पहाटे मशीननं काढलेल्या आकड्यांवरून ते तसं नाही. रीडिंग दोन्हीकडे तेच आहे."

"मॅडम, मी फक्त नाव टाकते आणि एंटर दाबते. येईल तो आकडा लिहिते."

"मग फरक कुठून येतो?"

"माहीत नाही."

त्यांनी तक्ता बाजूला सरकवला. "प्लांटवरचे सुपरवायझर तुमचे कोण लागतात?"

"मावसभाऊ."

त्यांनी मान हलवली, जणू उत्तर आधीच ठाऊक होतं. ते कुणी सांगितलं असेल, हे मला विचारायची गरज नव्हती. मी भावोजींकडे बघितलं. ते खिडकीकडे बघत होते.

"सर, मशीनमध्ये काही गडबड असू शकते का?" मॅडमनी त्यांना विचारलं.

"मशीनवर एकच नितळ चालतं. चार. मी स्वतः बसवलंय."

ते खोटं बोलत नाहीत हे सगळ्या ऑफिसला माहीत. त्यामुळं त्या एका वाक्यानं सगळा दोष माझ्या गळ्यात बांधला. मशीन बरोबर, म्हणजे चूक हाताची, आणि हात माझे. मॅडमनी माझी सही करण्याची परवानगी तेवढ्यापुरती काढून घेतली. सोमवारी हे सगळं मुख्य कार्यालयाकडे जाणार होतं आणि तिथून जे येतं ते चौकशीचं पत्र असतं. पाण्याचे आकडे बदलल्याचा डाग एकदा लागला की दुसरी कुठली प्रयोगशाळा दारात उभं करत नाही.

मी निघाल्यावर भावोजींनी मॅडमना आणखी एक गोष्ट सांगितली. ती मला संध्याकाळी मॅडमकडूनच कळली. "माझी मेव्हणी आहे म्हणून मी बोलणार नव्हतो," ते म्हणाले, "पण ती हल्ली एकच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा चालवते. कशाला, ते विचारा."

कशाला म्हणजे? आकडा जुळत नाही म्हणून. बोलावणं येण्याच्या आदल्या आठवड्यात मला स्वतःलाच प्लांटचं पाणी फारच छान वाटायला लागलं होतं, म्हणून मी तेच रीडिंग घेऊन परत परत एंटर दाबत होते. पण मी किती वेळा एंटर दाबते हे वरच्या काचेच्या खोलीत बसून त्यांना कसं कळलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मी रागात होते, आणि रागात भलतेच प्रश्न पडतात.

त्या दिवशी ताईकडे जेवायला जायचं आधीच ठरलेलं होतं. नाही गेले असते तर कबुली दिल्यासारखं दिसलं असतं, म्हणून गेले. जेवायला बसलो. भावोजींनी मध्येच विचारलं, "मावसभाऊंचा फोन येतो का तुला?"

"येतो. त्यांच्या मुलीच्या शाळेबद्दल बोलतो आम्ही."

"शेवटचा केव्हा आला?"

ताईनं चमचा खाली ठेवला. "हे घर आहे. इथं मला प्रश्न विचारायचे ते वाढू का, पुरे का, एवढेच."

मला सोडायला ती दारापर्यंत आली. चप्पल घालताना हळूच म्हणाली, "तू काही केलं नाहीस ना गं?"

सख्ख्या बहिणीनं हे विचारावं. मी म्हटलं, "केलं असतं तर तुला आधी सांगितलं असतं." ती म्हणाली, "तेच ऐकायचं होतं," आणि आत जाऊन झोपलीही असेल स्वस्थ. मला मात्र ते लागलं. वाटेभर मी मनातल्या मनात दोघांशी भांडत होते.

दुसऱ्या दिवशी सही नाही म्हणून काम नाही. बाटल्या दुसऱ्या टेबलावर जात होत्या. नुसतं बसून राहणं जमेना, म्हणून मी जुनं एक रीडिंग उघडलं, नितळ टाइप केलं, एंटर दाबला. ऑफिसात त्या वेळी फारसं कुणी नव्हतं. वरच्या खोलीचं दार उघडं होतं. तिथून 'टुण' असा आवाज आला.

मी आकडा बघितला, तोच. पुन्हा एंटर दाबला. पुन्हा वर टुण.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी दुसरा एक प्रोग्रॅम चालवला, तक्ते छापण्याचा. वर शांत. परत नितळ. टुण. असं मी उलटसुलट करून बघितलं आणि प्रत्येक वेळी भावोजींचं मशीन बरोबर नितळलाच ओरडलं. भावोजी खोलीत होते. काचेतून त्यांची मान वर झालेली दिसली. ते माझ्याकडे बघत होते.

त्या डब्यांच्या प्रात्यक्षिकातून मला एवढं तर येतच होतं की मशीनला विचारता येतं, मी नाव टाकल्यावर तू नेमका कुठला प्रोग्रॅम उचलतोस? मी विचारलं. उत्तर यायला हवं होतं युझर-बिन. आलं युझर-लोकल.

मी ते परत वाचलं. युझर-लोकल. जे घर रोज सकाळी झाडलं जातं, जिथं चिटपाखरू राहू दिलं जात नाही, तिथं 'नितळ' नावाचं काहीतरी बसलेलं होतं. माझ्या मशीननं पहिल्यांदा तिथंच शोधलं होतं आणि तेच उचललं होतं. आणि ज्यांच्याकडे तिथल्या किल्ल्या होत्या, त्यांनी काल मॅडमसमोर सांगितलं होतं की मशीनवर एकच नितळ आहे.

फाइल उघडून बघितली. तो प्रोग्रॅम नव्हताच, चारदोन ओळींचा मजकूर होता. वरच भावोजींच्या पद्धतीची टीप: 'कोण शिरलं ते कळावं म्हणून.' त्याखाली, जो कुणी चालवेल त्याचं नाव वरच्या खोलीत कळवून घंटी वाजवायची आज्ञा. आणि शेवटी, संशय येऊ नये म्हणून, खऱ्या नितळला हाक. हाक होती पूर्ण पत्त्यानिशी: ऑप्ट, नितळ-तीन.

तीन. जुनं. मंद दिवा न कळणारं.

सगळं एकदम उलगडलं. हातानं नाव टाकलं की मशीन आधी युझर-लोकलमध्ये बघतं, म्हणून मला दर वेळी तीनचा आकडा मिळत होता. पहाटे आपणहून चालणारं काम युझर-लोकलकडे फिरकतही नाही, ते थेट युझर-बिनमध्ये जातं, म्हणून त्याला चारचा. दोन्ही आकडे प्रामाणिक. मी निर्दोष. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही. कारण त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला: हे त्यांना माहीत नसेल असं कसं होईल? हा माणूस कुलूप तीनदा ओढतो. यानं स्वतःच्या हातानं ठेवलेली वस्तू हा विसरेल? काल "एकच नितळ" म्हणाले ते काय होतं? कुठंतरी पाणी मुरतंय, आणि ते मुरवणारा माझ्याच घरातला आहे.

वर दहा पायऱ्या चढून त्यांना विचारता आलं असतं. मी नाही विचारलं. विचारलं आणि त्यांनी "बघतो" म्हणून फाइल पुसली तर माझ्याकडे काय उरणार होतं? मी फोन काढला, स्क्रीनचे फोटो घेतले. फाइलची एक प्रत आपल्या फोल्डरमध्ये ठेवली. ती प्रतही कुणी पुसेल म्हणून आणखी एक, दुसऱ्या नावानं. मग स्क्रीन बंद करून मॅडमकडे निघाले. मॅडमची खोलीही वरच, तेव्हा वाट भावोजींच्याच काचेवरून जाते.

त्यांनी दारातून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही, सर," मी म्हटलं, आणि वर हसलेही.

मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. मी त्यांना चालवून दाखवलं, वरची टुण ऐकवली, फाइल दाखवली, ऑप्टमधल्या नितळ-चारला पूर्ण पत्त्यानं हाक मारून आलेला आकडा पहाटेच्या आकड्याशी जुळवून दाखवला. मॅडमनी सगळं शांतपणे बघितलं आणि फोन करून भावोजींना खाली बोलावलं. कशासाठी ते सांगितलं नाही.

ते आले. चष्मा पुसला, वाकून स्क्रीन वाचली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता कुठली पळवाट काढतात ते धरायला.

"हा माझा आहे," ते म्हणाले.

एवढंच. आढेवेढे नाहीत, आवंढा नाही. मग त्यांनीच सांगितलं. गेल्या वर्षी एका सकाळी त्यांना युझर-लोकलमध्ये एक अनोळखी फाइल दिसली होती. कुणाची ते कळलं नाही. तेव्हा त्यांनी सापळा लावला. नितळच्या नावाचा, कारण नितळलाच कुणी हात लावेल अशी त्यांना भीती. तिथं दुसरं कुणी नवं नितळ बसवायला आलं तर हा जागा अडवून बसलेला. आणि कोण काय चालवतं ते वर कळणार.

"तुम्ही म्हणालात मशीनवर एकच नितळ चालतं," मॅडम म्हणाल्या.

"हो. याला मी नितळ धरत नव्हतो. हा पहारेकरी. तो तीनला हाक मारतो हे चार बसवताना माझ्या ध्यानातच आलं नाही."

"यानं पाटीकडे बोट दाखवलं असतं, तर तुम्ही पाटी वळवल्यावर हा आपोआप चारकडे गेला असता ना?"

"गेला असता. कुणीही तसंच केलं असतं."

"मग तुम्ही का नाही केलं?"

"पाटी कुणीही वळवू शकतं."

"पाटी वळवायचा अधिकार कुणाला आहे?"

भावोजींनी पुन्हा चष्मा काढून पुसला. "फक्त मला," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले. मी त्यांना इतक्या वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही, खोटं कशाला बोलू.

मॅडमनी तिथल्या तिथं माझी सही परत दिली आणि मुख्य कार्यालयाकडे जाणारा कागद रद्द केला. प्लांटचं पाणी खरंच गढूळ होतं, तेव्हा मावसभाऊंना फिल्टर धुवायचा तातडीचा हुकूम गेला. त्यांनी पुढं बरेच दिवस माझा फोन घेतला नाही, तो भाग वेगळा. फाइल भावोजींनी आमच्यासमोर काढून टाकली. मग म्हणाले, "मॅडम, मुख्य पासवर्ड बदला. काही दिवस माझ्याकडे नको."

"सर, एवढं काही नाही त्यात."

"आहे. माझ्यासारखा माणूस मी पाहिला असता तर मी त्याच्याकडे किल्ल्या ठेवल्या नसत्या. आत्ता बदला. मी बाहेर उभा राहतो, म्हणजे बोटं दिसणार नाहीत."

आणि खरंच बाहेर पॅसेजमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांच्यामागं गेले. आत्तापर्यंत मला पक्कं कळलं होतं की सकाळी वर जाऊन विचारलं असतं तरी त्यांनी हेच तीन शब्द सांगितले असते.

"तुला केव्हा सापडलं?" भिंतीकडेच बघत त्यांनी विचारलं.

"सकाळी."

"माझ्या काचेवरून गेलीस त्याच्या आधी?"

"हो."

"मी विचारलं होतं, काय झालं म्हणून."

"हो, भावोजी."

ऑफिसात मी त्यांना भावोजी म्हटलं आणि या वेळी त्यांना ऐकू आलं. ते वळले. "मला आधी का नाही सांगितलंस?"

खोटं सांगायची हिंमत नव्हती. "तुम्ही पुसून टाकाल असं वाटलं. म्हणून फोटो काढले. प्रतीही ठेवल्या."

"किती?"

"दोन. वेगवेगळ्या नावांनी."

ते चिडतील म्हणून मी वाट बघत होते. चिडावं अशीच इच्छा होती. निदान एवढं तरी म्हणावं की इतक्या वर्षांत तू मला हेच ओळखलंस का. म्हणजे मला माफी मागता आली असती, थोडं रडता आलं असतं, आणि मग दोघं मिळून ताईकडे गेलो असतो.

भावोजींनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "बरोबर केलंस," ते म्हणाले. "मीही अगदी हेच केलं असतं. शिकलीस तू."

त्यांनी मला दिलेली ही पहिली शाबासकी. ती देऊन ते पुन्हा भिंतीकडे वळले, कारण आत मॅडमचं टाइप करणं अजून चालू होतं. मला त्यांना सांगायचं होतं की मी तशी नाही. पण सकाळपासून काय काय केलं ते एकेक आठवत गेलं, काचेसमोर हसले होते तेसुद्धा, आणि मी ते सांगितलं नाही.